पुरेशी खात्री

गेल्या वर्षी दिवाळीला मी धाकट्या बहिणीकडे गेलो. वसुबारसेची रात्र होती. विमान वेळेवर उतरले, वळणे घेत घेत विमानतळाच्या इमारतीसमोर आले आणि अगदी दारात, म्हणजे काचेमागची माणसे ओळखू यावीत इतक्या जवळ येऊन, थबकले. इंजिने चालूच होती. पाच मिनिटे गेली, दहा गेली. पट्टे सोडून उभ्या राहिलेल्या मंडळींना हवाई सुंदरीने पुन्हा खाली बसवले. माझ्या शेजारी नगरकडच्या एक बाई होत्या. मांडीवर चकल्यांचा डबा. त्या म्हणाल्या, "एस.टी. असती तर कंडक्टरला सांगून इथंच उतरले असते." मागच्या रांगेतून कोणी गृहस्थ मोठ्याने बोलले, "एवढं आभाळातून आणलं, आता शेवटच्या दहा पावलांना काय झालं?"

प्रश्न रास्त होता. मीही मनातल्या मनात वैमानिकाला नावे ठेवली. अखेर हातांत दोन उजळ दांड्या घेतलेला एक माणूस खाली धावत आला, दांड्या हलवीत त्याने विमानाला पुढे बोलावले, आणि आम्ही उतरलो.

बहिणीचा मुलगा त्याच विमानतळावर खालच्या फरशीवर काम करतो. (विमानतळाचे नाव सांगत नाही, पोराची नोकरी आहे.) तो न्यायला आला होता. मी तक्रार सुरू करताच तो हसला आणि म्हणाला, "मामा, तुमच्या विमानाला यंत्रानं ओळखलं नाही. कागदावर दुसऱ्या जातीचं विमान होतं, आलं दुसरंच. मग ते थांबा म्हणालं."

"आणि वैमानिक थांबला? त्याला डोळ्यांनी दिसत नव्हते?"

"त्याला काय दिसतं, मामा? स्वतःच्या नाकाखालचंसुद्धा दिसत नाही."

नाकाखालचे दिसत नाही हे मी आजवर माणसांविषयी ऐकले होते. विमानाच्या बाबतीत ते शब्दशः खरे आहे. बोइंग ७४७ चा चालक जमिनीपासून दोन मजल्यांहून अधिक उंचीवर बसतो, आणि त्याच्या यंत्राची लांबी ७० मीटरांच्या वर असते. पंखांची टोके त्याला जागेवरून दिसत नाहीत. चाके कुठे आहेत हे तर तो अंदाजानेच जाणतो. असे धूड इमारतीच्या भिंतीकडे नाक करून आणायचे, आणि दाराला एअरोब्रिज बरोबर लागेल अशा जागी उभे करायचे. आभाळात मैलामैलाची मोकळीक असते. इथे वितींचा हिशेब.

म्हणून भिंतीवर, वैमानिकाच्या डोळ्यांसमोर, एक पेटी बसवलेली असते. तिच्या पोटातून लेसरचे किरण निघतात आणि येणाऱ्या विमानाला चाचपतात: नाक किती उंचीवर आहे, त्याची गोलाई कशी आहे, नाकापासून इंजिन किती मागे आहे. पेटीला आधी सांगून ठेवलेले असते की आज या दाराशी अमुक जातीचे विमान येणार. एअरबस ३२० आणि ३२१ ही दोन भावंडे समोरून पाहिली तर तुम्हांआम्हांला सारखीच दिसतील. पण धाकटे साडेसदतीस मीटर, थोरले साडेचव्वेचाळीस. सात मीटरांचा फरक. एकाची थांबण्याची खूण दुसऱ्याला लावली तर काय होईल हे सांगायला नको. पेटी आपल्याजवळच्या वर्णनाशी ताडून पाहते. जुळले तर पडद्यावर विमानाची जात, डावीउजवीकडे वळण्याची खूण आणि उरलेले मीटर दाखवीत राहते. वेग जास्त असला तर 'सावकाश' म्हणते. खुणेच्या पुढे गेले तर 'फार पुढे' म्हणून सांगते. पूल आपल्या जागी मागे सरकलेला नसला तर मुळी कामालाच लागत नाही, अशीही तजवीज कित्येक ठिकाणी असते. आणि थांबण्याच्या जागेच्या सुमारे १२ मीटर अलीकडे येईपर्यंत तिला ओळख पटली नाही, तर ती पुन्हा एकदा पाहते, आणि तरीही पटली नाही तर लाल अक्षरांत 'स्टॉप' लिहिते, खाली 'आयडी फेल'. मराठीत सांगायचे तर, 'आपण कोण ते मला कळले नाही. पुढे येऊ नका.'

त्या रात्री ती पेटी आमच्याविषयी हेच म्हणत होती, आणि आत बसलेले आम्ही दीडदोनशे लोक तिच्यावर रागावलो होतो.

मला नवल वाटले ते किरणांचे नव्हे. यंत्राने मोजमाप करावे यात आता काही अप्रूप उरलेले नाही. नवल हे की यंत्राला 'मला ठाऊक नाही' असे म्हणता येते. यापूर्वीच्या साधनांना ते येत नव्हते. ब्रिटनमधील विमानतळांवर दोन दिव्यांची एक जोडी असे: दोन्ही हिरवे दिसले तर आपण मधल्या रेषेवर, एक तांबडा दिसला तर हिरव्याच्या बाजूला सरका. ते दिवे डाव्या खुर्चीतल्या कप्तानासाठी लावलेले. उजवीकडे बसलेल्याने पाहिले तर ते त्याची दिशाभूल करीत. शेजारी एक फटीची पाटी असे, आणि फटीतून दिसणाऱ्या नळीदिव्याची रेघ आपल्या विमानाच्या नावाशी आली की थांबायचे. मोठी कल्पक योजना. पण ती पाटी कोणालाही काहीतरी दाखवायचीच. समोर योग्य विमान असो वा अयोग्य, ती गप्प बसू शकत नव्हती. गावात एखादा माणूस असतो पाहा, ज्याला रस्ता विचारला तर माहीत नसले तरी तो हात दाखवतोच, तशातली गत.

गप्प बसता येणे ही गोष्ट यंत्रांना सहजासहजी मिळालेली नाही. आगगाडीच्या सिग्नलची एक जुनी हकीकत आहे. इंग्लंडात अॅबट्स रिप्टन नावाच्या खेड्याजवळ २१ जानेवारी १८७६ रोजी हिमवादळ चालले होते. त्या काळच्या सिग्नलचा हात खांबाच्या फटीत शिरला की 'मार्ग मोकळा' असा अर्थ होई, आणि बहुतेक वेळ तो तसाच ठेवीत. बर्फाने हात फटीतच गोठला. सिग्नलवाल्याने दांडा ओढला, त्याला वाटले आपण गाडी थांबवली. खांब मात्र 'या, या' म्हणत राहिला. एक जलद गाडी पुढच्या कोळशाच्या गाडीवर आदळली आणि त्या ढिगाऱ्यावर उलट दिशेने आलेली दुसरी. त्यानंतर रिवाज उलटा झाला: सिग्नल स्वभावतः 'धोका' दाखवील आणि मार्ग मोकळा असल्याची खात्री झाल्यावरच हात बदलेल. तार तुटली, बर्फ पडला, माणूस झोपला, तर मौनाचा अर्थ 'थांबा' असा व्हावा. त्या भिंतीवरच्या पेटीचे हे पूर्वज.

आता हे मान्य केले की एक जुनी अडचण उभी राहते. संशयाला आपल्याकडे कधी चांगले म्हटलेले नाही. गीतेच्या चौथ्या अध्यायात संशयी माणसाला ना हा लोक, ना परलोक, ना सुख, असा निवाडा आहे. घरोघरीचा अनुभवही तसाच. संशयी सासरा किंवा संशयी नवरा घराचे काय करतो हे कोणाला सांगायला नको. पश्चिमेकडे देकार्तने संशयाला तत्त्वज्ञानाच्या दारात बसवले हे खरे. पण तो शेगडीच्या उबेत, एकटा, फुरसतीने बसून संशय घेत होता. त्याच्या संशयापायी कोणाचे विमान खोळंबले नव्हते.

मला वाटते, गीतेतला संशयी आणि ही पेटी यांत एक मूलभूत फरक आहे. त्या संशयीला काहीच करवत नाही; ना पुढे, ना मागे. पेटीचा संशय मात्र ताबडतोब कृतीत उतरतो, कारण थांबणे ही कृतीच आहे. आणि ती दोन तराजू वापरते. 'पुढे या' म्हणायला तिला पूर्ण खात्री लागते. 'थांबा' म्हणायला नुसती शंका पुरते. हा पक्षपात मुद्दाम केलेला आहे. कोर्टकचेरीच्या बातम्यांत आपण 'संशयाचा फायदा' हे शब्द नेहमी वाचतो. तिथे तो फायदा आरोपीला मिळतो, कारण निरपराध्याला शिक्षा होणे ही चूक अपराधी सुटण्याच्या चुकीपेक्षा वाईट, असे आपण ठरवले आहे. विमानतळाच्या फरशीवर संशयाचा फायदा पंखाखाली उभ्या असणाऱ्या माणसाला मिळतो. 'खात्री किती असली म्हणजे पुरे?' या प्रश्नाला एकच उत्तर नसते. चुकल्यावर कोण भरडला जाणार हे आधी विचारावे लागते.

आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने विमानतळांसाठी जे नियम केले आहेत (करारनाम्याचे १४ वे परिशिष्ट), त्यात या यंत्रांविषयी एक कलम आहे. भाच्याने त्याचा मथितार्थ सांगितला, तेव्हा मी त्याला पुन्हा सांगायला लावले. यंत्र बिघडले किंवा अन्य कारणाने तत्काळ थांबवायचे झाले, तर पडद्यावर थांबण्याच्या सूचनेखेरीज दुसरी कोणतीही माहिती दाखवायची नाही. किती मीटर उरले, कोणते विमान, काही नाही. मला हे फार मोलाचे वाटले. आपण माणसे 'थांब' म्हणताना किती बोलतो! 'तसे काही नसेलही, पण', 'राग मानू नका', 'एकदा बघितले तर बरे'. आणि या पसाऱ्यात 'थांब' हा शब्द हरवून जातो. ऐकणाऱ्यालाही तो हरवलेलाच हवा असतो.

दुसरे कलम असे की ही थांबवण्याची सोय त्या जागेच्या सुरक्षिततेची जबाबदारी असलेल्या कामगारांच्या हाती असली पाहिजे. म्हणजे खाली फरशीजवळ एक बटण. वर कप्तान, त्याच्या बाहीवर चार पट्टे. खाली चकाकत्या पट्ट्यांचे जाकीट घातलेला, कदाचित सहा महिन्यांपूर्वी लागलेला मुलगा. त्याने बटण दाबले की पडद्यावर 'थांबा' येते आणि कप्तानाने थांबायचे असते. कारण मागाहून.

इथे मला माझी एक जुनी गोष्ट सांगणे भाग आहे. सांगायची नाही असे अनेक वर्षे ठरवले होते.

१९७८ च्या गळीत हंगामात मी एका साखर कारखान्यात टाइमकीपर होतो. अक्षर बरे आणि भाषा शुद्ध, म्हणून ऑफिसातली पत्रेही मजकडेच येत. गव्हाणीवर एक कामगार होता. बीडकडचा, तिशीतला, अबोल. मोळ्या गव्हाणीत पडल्या की साखळी त्यांना वर कोयत्यांकडे आणि पुढे रोलरकडे ओढून नेते. लक्ष ठेवणे हे त्याचे काम. कारखान्याच्या आवारात रात्रभर ऊसतोडीच्या बैलगाड्या रांगेत उभ्या असायच्या, आणि गाड्यांवर उसातच पोरे निजलेली असायची. एका पहाटे मोळ्यांत त्याला काहीतरी तांबडे दिसले. त्याने साखळी थांबवली. दहाबारा जण गव्हाणीत उतरले, मोळ्या उपसल्या. गाडीवानाच्या पटक्याची चिंधी निघाली.

बावीस मिनिटे मिल रिकामी फिरली. त्या हंगामात बावीस मिनिटांची किंमत साहेब लोकांना तोंडपाठ होती. त्याचा एक दिवसाचा पगार कापायचे ठरले आणि मेमो मी लिहिला. त्यातील एक वाक्य मला अजून पाठ आहे, कारण ते जमले म्हणून तेव्हा मी खूष झालो होतो: 'पुरेशी खात्री करून न घेता यंत्र बंद केल्याबद्दल.' त्याला वाचता येत नव्हते. मीच वाचून दाखवला आणि अंगठा घेतला.

दीड महिन्याने उसातून एक लोखंडी पहार आत गेली. रोलरचे दात गेले. मिल तीन दिवस बंद. चौकशीत त्याला विचारले, तुला दिसली नाही का? तो म्हणाला, "काहीतरी काळं दिसल्यावानी झालं व्हतं साहेब. पण पुरेशी खात्री नव्हती."

माझेच शब्द. उपरोध त्याच्या स्वभावात नव्हता. त्याला तो नियम वाटला होता आणि त्याने तो पाळला होता. मी खाली मान घालून जबाब लिहून घेतला. पहारच होती, हे आमचे नशीब. रात्री घरी आल्यावर माझ्या मनात आले ते इथे लिहीत नाही. गाड्यांवरची ती पोरे मी रोज पाहत होतो.

तेव्हापासून यंत्राच्या सुरक्षिततेविषयी कोणी बोलू लागले की मला बटणापेक्षा मेमोची आठवण होते. बटण बसवणे सोपे आहे. ते दाबून चिंधी निघाली तर दुसऱ्या दिवशी दाबणाऱ्याला कोणते कागद मिळतात, यावर ते खरे की खोटे हे ठरते. पेटीला पगार नाही आणि बढती नाही, म्हणून तिला निर्भयपणे संशय घेता येतो. तिचे धैर्य तिचे नव्हेच. ज्या कोणी इंजिनिअरांनी तिची अजाणता आणि धोका यांना एकच रंग दिला, त्यांचे ते आहे. तेच धैर्य तिच्याशेजारच्या माणसाला कोणी द्यायचे?

यावर एक आक्षेप येईल, आणि तो हलका नाही. प्रत्येक शंकेला थांबायचे ठरवले तर जगाचे रहाटगाडगे चालायचे कसे? शिवाय वारंवार 'थांबा' ऐकून लोकांचे कान बधिर होतात. लांडगा आला रे, ही गोष्ट पोरेही जाणतात. हे खरेच आहे. म्हणून तर त्या पेटीला नेमके मोजता यावे लागते: नियमाप्रमाणे थांबण्याच्या जागी तिची चूक बाजूला पाव मीटरच्या आणि अंतरात अर्ध्या मीटरच्या आत असावी लागते. उठसूट घाबरणारे यंत्र कोणी ऐकणार नाही. पण माझ्या गव्हाणीवरच्या माणसाने सबंध हंगामात एकदाच साखळी थांबवली होती.

मला याहून अधिक बोचणारी गोष्ट दुसरीच आहे. शेजारच्या वस्तूंपासून विमानाने किती अंतर राखावे याचे नियम आहेत; लहान जातींना तीन मीटर, मोठ्यांना साडेसात. परंतु जिथे असे मार्गदर्शक यंत्र आहे तिथे मोठ्या विमानांच्या बाबतीत हे अंतर कमी करण्याची मुभा मिळते. म्हणजे यंत्राने सुरक्षितता आणली, आणि आपण तिची लगेच मोड करून जागा विकत घेतली. यात गैर काही नाही असे जाणकार म्हणतील. हिशेब करूनच ती मुभा दिलेली आहे. तरी संसारात पाहिलेले आठवते: पगार वाढला की शिल्लक वाढत नाही, खर्च वाढतो. पेटी नीट पाहते म्हणून माणसाने कमी पाहायचे, हा सौदा कोणी बोलून दाखवत नाही. पण तो होतो.

आणि पेटी सगळे पाहत नाही. ती विमानाच्या नाकाकडे पाहते. पंखाच्या टोकाखाली कोणी सामानाची गाडी विसरून गेला असेल तर ती पुष्कळदा तिच्या नजरेबाहेर असते. म्हणून विमान येण्याआधी एका माणसाने सगळी जागा पायी फिरून पाहायची, पडलेला खिळादेखील उचलायचा, मग यंत्र चालू करायचे, अशी पद्धत आहे. आणि उलट बाजूने, यंत्र चालू आहे एवढ्यावरून जागा मोकळी आहे असे गृहीत धरू नका, असेही वैमानिकांना बजावलेले असते. १६ डिसेंबर २०१५ च्या रात्री मुंबईच्या विमानतळावर, निघायच्या तयारीतल्या विमानाच्या इंजिनात खेचला जाऊन एक तंत्रज्ञ गेला. ते विमान येत नव्हते, जात होते. या पेटीचा तिथे संबंध नव्हता. पण चालू इंजिनाशेजारी माणूस उभा आहे की नाही याची खात्री करून न घेता एक पाऊल पुढे टाकले तर काय होते, हे त्या फरशीवर काम करणाऱ्या कोणीही विसरलेले नाही. भाचा त्याविषयी बोलत नाही. विषय निघाला की उठून पाणी प्यायला जातो.

लक्ष्मीपूजनाच्या दिवशी त्याची रात्रपाळी होती. बहिणीने फराळाचा डबा भरून दिला, चार माणसांना पुरेल एवढा. तो बूट घालत असताना मी विचारले, "ते बटण तू कधी दाबलेस का रे?"

"एकदा."

"काय होते?"

"थर्माकोलच्या खोक्याचं झाकण. वाऱ्यानं घरंगळत पुलाच्या चाकाशी आलं. मला वाटलं, कुणी वाकलंय."

"मग? कोणी रागावले?"

"नाही हो. साहेबांनी नुसतं रजिस्टरमध्ये लिहून घेतलं. पण पुढे आठ दिवस पोरं मला झाकण म्हणत होती."

तो हसला. मीही हसलो, पण मला ते हसणे पुरवले नाही. मग दारातच, एका पायात बूट असलेल्या त्या मुलाला मी गव्हाणीची सगळी गोष्ट सांगितली. घरात कोणालाही सांगितली नव्हती ती. त्याने शेवटपर्यंत ऐकून घेतली. दुसरा बूट घातला, नाडी बांधली, आणि विचारले,

"मामा, त्या माणसाचं पुढे काय झालं?"

पुढच्या हंगामात तो आला नाही, एवढेच मला सांगता आले.